सहा तास वजा

विजापूर वेस, सोलापूर
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय इफ्रा,

तुझा मेसेज येऊन आज नऊ दिवस झाले आणि मी उत्तर म्हणून फक्त एक अंगठा पाठवला, तोही चुकून दाबला गेलेला. तू चिडली असशील. चिड. पण हे काही फोनवर टकटक करून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरमधले कोरे कागद उचलून आणले आणि गच्चीवर उन्हात बसले आहे. घरात आपण आपली दखनी बोलतो, पण हातात पेन घेतलं की मला मराठीच सुचतं. होटगीच्या शाळेतल्या बाईंनी पट्ट्या मारमारून ती सवय लावली आहे. तुलाही दहावीपर्यंत मराठी होती, तेव्हा अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही.

तू विचारलंस, 'कालव्याच्या पाण्याच्या पाळ्यांचं काम आता एका नाही, अकरा पाणीवापर संस्थांसाठी होणार आहे, तर ते तू कशात करणार? पुन्हा प्रोग्राम बांधायच्या त्याच जुन्या सांगाड्यात, जुन्या फ्रेमवर्कमध्ये करणार असशील तर सरळ सांग, म्हणजे दीड वर्षापूर्वी जे झालं त्यानंतर तुझा माझ्यावर भरवसा राहिला नाही हे मला कळेल, आणि हैदराबादची नोकरी सोडून तुझ्या ऑफिसात यायचा विचार मी डोक्यातून काढून टाकेन.' शेवटी लिहिलंस, 'उत्तर दे, मग ठरवते.' माझी लेक घरी येणार की नाही हे एका फ्रेमवर्कवर ठरणार, असं तुझ्या नानींना सांगितलं असतं तर त्यांनी आधी हा फ्रेमवर्क कुठल्या गावचा मुलगा, असं विचारलं असतं.

तर उत्तर आधी देते, म्हणजे तू शेवटचं पान आधी उघडून बघणार नाहीस. नवं काम जुन्याच फ्रेमवर्कमध्ये होणार आहे. कोडइग्नायटरच. आता कागद खाली ठेवू नकोस, कारण तुझा दुसरा प्रश्न भरवशाचा आहे आणि त्याचं उत्तर वेगळं आहे. त्यासाठी मला जरा मागे जावं लागेल.

पण आधी कारणं ऐक. माढ्याकडे पाटाच्या शेवटच्या टोकाला जो माणूस राहतो, त्याच्या हातातला फोन बहुतेक त्याच्या पोराचा जुना असतो, काच तडकलेला आणि लग्नाच्या फोटोंनी गच्च भरलेला. त्याला पाहायचं काय असतं? आपली पाळी कधी, किती तास, आपल्या आधी कोण. एवढ्याला एक साधं पान पुरतं, आणि माझं जुनं साधं पान नेटवर्कची एक दांडी असली तरी उघडतं. तुझं ते नवं देखणं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते आधी सगळं सामान फोनवर उतरवून घेतं आणि मग दार उघडतं. दुसरं म्हणजे मी शेचाळीस वर्षांची आहे. सोळा वर्षं या एका फ्रेमवर्कबरोबर संसार केला आहे. ते कुठे अडतं, कुठे रुसतं, कुठली चूक सांगताना भलतंच बोट दाखवतं, हे मला न बघता कळतं. मी कुणाच्या लग्नाला गेले तर अभिमन्यू एकटा निभावून नेतो. माळशिरसहून तो आपल्याकडे आला तेव्हा त्याला ई-मेलला फाइल जोडता येत नव्हती, आणि आता तो मला माझ्याच कामातल्या चुका दाखवतो, तेही चहा पिता पिता. तुझ्या नव्याचं दर सहा महिन्यांनी बारसं होतं, आणि मग आधीच्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही. अकरा गावांतल्या माणसांना एकदा बटण कुठे आहे ते दाखवलं की पुढची दहा वर्षं ते तिथेच राहिलं पाहिजे.

तुझी बाजूही मला ठाऊक आहे. नवी मुलं हे शिकायला तयार नाहीत. मागच्या महिन्यात मुलाखतीला आलेल्या एका मुलीने फ्रेमवर्कचं नाव ऐकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला जात्यावर दळायलाच बसवते आहे. काही अडलं म्हणून इंटरनेटवर शोधावं तर बारा वर्षांपूर्वी मीच विचारलेला प्रश्न समोर येतो, आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नसतं. कधीतरी हे सगळं बदलावं लागेल आणि बदलणारी बहुधा मी नसेन, हेही मला कळतं. हे सगळं धरून मी जुनं निवडलं आहे. आणि खरं सांगू का, निवडल्यापासून मला फार बरं वाटतंय. सकाळी नव्या पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांचं शटर वर करते, मशीन चालू करते आणि लगेच कामाला लागावंसं वाटतं. या वयात असं वाटणं थोडं नाही.

बाकी इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या अब्बांच्या दुकानात जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून घ्यायला आलेल्या लोकांची रांग असते, आणि संध्याकाळी त्यांच्या खिशातून तांब्याच्या तारांचे तुकडे घरभर सांडतात. गुडघ्याला तेल लावायला सांगितलं की लावलं म्हणतात आणि बाटली आहे तेवढीच भरलेली असते. अभिमन्यूचं लग्न ठरलं आहे, मुलगी बार्शीची, त्यामुळे सध्या त्याच्या कामात चुका जास्त आणि हसू जास्त. शेंगा चटणी मोठी बरणीभर करून ठेवली आहे, पण हैदराबादला पाठवणार नाही. खायची असेल तर यावं लागेल. होय, हा दबावच आहे.

हे पाळ्यांचं काम आपल्याकडे अब्बांमुळेच आलं, ते तुला आठवत असेल. तू सात वर्षांची होतीस. माढ्याकडच्या एका पाणीवापर संस्थेचे चेअरमन मोटर भरून घ्यायला दुकानात आले होते, तेच आपले श्रीमंतआण्णा. नाव श्रीमंत आणि अंगात सोळा वर्षं तेच चॉकलेटी जाकीट. कालव्याला आवर्तन सुटलं की कुणाच्या रानात कधी आणि किती तास पाणी जायचं, याचं पाळीपत्रक ते हाताने लिहायचे, आणि मध्ये एक नाव घुसलं की खालची चाळीस नावं पुन्हा लिहायचे. अब्बांनी सांगितलं, आमच्या घरात कॉम्प्युटरवाली आहे. मी नुकतंच कोडइग्नायटर शिकले होते. पंधरा दिवसांत पहिलं पत्रक छापून दिलं आणि त्याच्या वाया गेलेल्या प्रतींच्या पाठीवर तू उंट काढत बसलीस. त्यातला एक तीन पायांचा उंट अजून माझ्या खणात आहे.

आणि त्या पहिल्याच पत्रकात मी माती खाल्ली. कालव्यातून रानात पाणी नेणाऱ्या चारीवर फिरून ज्याची त्याची पाळी लावून देतो तो पाटकरी, भारत, पत्रक वाटायच्या आधी ते घेऊन थेट दुकानात आला. एकाची पाळी 'बुधवार, रात्री २' अशी छापली होती. त्या ओळीवर बोट ठेवून भारत म्हणाला, 'म्याडम, बुधवारची रात बुधवार मावळल्यावर येती की. ह्यो गडी एक दिस उशिरा यील.' मला क्षणभर कळेचना. मी होटगीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. तुझे नाना पॉइंट्समन, त्यांच्या ड्युटीच्या कागदावर रात्री बाराला तारीख बदलायची, आणि कॉम्प्युटरही तसंच मोजतो. शेतात मात्र वार बदलतो तो दिवस उगवल्यावर. मंगळवारी जेवून झोपलेला माणूस रात्री दोनला दारं धरायला, रानात पाणी वळवायला उठतो, तेव्हा त्याच्या लेखी अजून मंगळवारच असतो. आणि आपल्या घरात तर तिसरीच रीत, रात्र आधी आणि दिवस मागून. जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, सूर्य बुडाला की जुमा लागला, चांदरात झाली की मग ईद. वार मोजायच्या इतक्या तऱ्हा बघत वाढलेल्या बाईला ही चूक कळू नये, याचं अब्बांना अजून हसू येतं. मी प्रोग्रामच्या फाइलमध्ये एक ओळ घातली, वार काढायच्या आधी वेळेतून सहा तास वजा करायचे. त्यामुळे बुधवारचे पहाटेचे दोन मंगळवारच्या रात्रीत जाऊन बसले आणि भारतचं समाधान झालं. ती ओळ का घातली हे मात्र मी तिच्या शेजारी लिहून ठेवलं नाही. मला वाटलं, असली गोष्ट कोण विसरेल.

मग दीड वर्षापूर्वीचा उन्हाळा आला. तुझी शेवटची परीक्षा संपली होती, हैदराबादची नोकरी जूनमध्ये सुरू होणार होती, आणि मधल्या वेळात तू पाळीपत्रकाचं सगळं काम नव्याने बांधायला घेतलंस. मी अडवलं नाही. उलट मला अभिमान वाटत होता, फक्त तो मी तुला न सांगता अभिमन्यूला सांगत होते. प्रत्येकाच्या फोनवर त्याची पाळी थेट जाईल, भारतला घरोघर कागद वाटत फिरावं लागणार नाही, ही कल्पना तुझी. तू संस्थेच्या ऑफिसात उभं राहून ते पडद्यावर दाखवलंस तेव्हा श्रीमंतआण्णांनी जाकिटाची बटणं लावून घेतली, फोटोसाठी. एप्रिलच्या शेवटी उन्हाळी आवर्तन सुटलं आणि तुझ्या नव्या कामातून पहिले मेसेज गेले.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे. जोतीरामचं रान चारीच्या अगदी टोकाला. बाकीचे गावातच असतात, त्यांना पाणी येताना दिसतं, मेसेज काहीही म्हणो. जोतीराम मात्र सोलापुरात एका शाळेत शिपाई, पाळी असेल त्या दिवशी एसटीने गावाला जातो. त्याला मेसेज गेला, बुधवार, रात्री २ ते ५. तो बुधवारी शाळा सुटल्यावर निघाला, गावी जाऊन जेवला आणि सांगितलेल्या वेळेला बांधावर हजर झाला. चारी कोरडी होती. त्याच्या वाट्याचं पाणी आदल्या रात्रीच येऊन ओढ्याला मिळालं होतं. पुढचं आवर्तन महिन्याने. दीड एकर उन्हाळी भुईमूग ऐन शेंगा भरायच्या वेळी पाण्यावाचून राहिला आणि निम्म्याहून जास्त शेंगा पोचट निघाल्या.

दोन दिवसांनी संस्थेची बैठक झाली. तू माझ्या मागे लॅपटॉप छातीशी धरून उभी होतीस. जोतीराम ओरडला नाही; ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. श्रीमंतआण्णांनी विचारलं की हे कशाने झालं. आणि मी म्हणाले, 'पोरीनं नवं करून बघितलं, त्यात चुकलं. मी परत जुन्यावर आणते.' सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं की शिकती पोरगी आहे, असू द्या. परत येताना सोलापूर येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी तिकिटाची घडी घालत होते.

त्यानंतर तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा ईदला आणि दोन्ही वेळा दोनच दिवस. बिर्याणीत मीठ कमी आहे हे सांगितलंस, अब्बांचे गुडघे दाबून दिलेस, मला नवा चष्मा करायला लावलास. नव्या पेठेकडे मात्र फिरकली नाहीस. अभिमन्यू विचारायचा की ताई ऑफिसला का नाही आल्या, मी म्हणायचे की दमली आहे. मी तुला विचारलं नाही, कारण विचारलं तर तू सांगशील अशी मला भीती होती. मुलीला घाबरणारी आई कुणी पाहिली नसेल, पण मी घाबरले होते.

गेल्या महिन्यात अकरा संस्थांनी मिळून हे काम आपल्याला द्यायचं ठरवलं आणि ठरावाचा मसुदा माझ्याकडे आला. त्यात एक वाक्य होतं, 'नवीन तंत्रामुळे मागे झालेला घोळ लक्षात घेता सदर काम जुन्याच पद्धतीने करण्यात यावे.' मला जे हवं होतं तेच त्यांनी लिहिलं होतं. सही करायची आणि पेढे घेऊन घरी यायचं, एवढंच राहिलं होतं. मी मसुदा बॅगेत घालून आणला आणि तो तिथेच राहू दिला. तो तिथे असतानाच तुझा मेसेज आला. मग मी ते वाक्य पुन्हा काढून वाचलं, आणि ते कुणी लिहिलं आहे हे मला नीट माहीत होतं. अक्षर संस्थेच्या कारकुनाचं होतं, वाक्य माझं होतं.

आता जे लिहिते ते तुलाही ठाऊक आहे. मला ते ठाऊक आहे, हे मात्र तुला ठाऊक नाही. त्या एप्रिलमधली एक दुपार. एका कॉलेजची निकालाची साइट बंद पडली होती, प्राचार्य फोनवर माझ्या नावाने शंख करत होते, आणि मी एका कानाला फोन लावून ती उभी करायच्या खटपटीत होते. तू आतल्या खोलीतून येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिलीस. विचारलंस की अम्मी, जुन्या फाइलमध्ये एका जागी कारण नसताना सहा तास वजा केले आहेत, ते तू मुद्दाम केलं आहेस का? मी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, 'असेल जुनं काहीतरी. काढून टाक.' तू पुन्हा विचारलंस, नक्की ना? मी हातानेच जा म्हटलं. तू गेलीस आणि तुझ्या नव्या कामातून ती वजाबाकी काढून टाकलीस.

इफ्रा, ही दुपार मला नंतर कधी आठवली असं नाही. त्या बैठकीतच आठवली, ते वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच. तरी मी वाक्य पुरं केलं. समोर बारा-पंधरा पुरुष बसलेले, पंधरा वर्षांच्या कामाची अब्रू, आणि तू तर महिन्याभरात जाणारच होतीस. नव्यावर खापर फोडलं की माझं जुनं आपोआप शहाणं ठरत होतं. चूक तुझ्या नव्या फ्रेमवर्कची नव्हती आणि तुझीही नव्हती. जुन्यातून ती ओळ काढली असती तरी जोतीरामचं पाणी असंच ओढ्याला गेलं असतं. मी जुनं निवडते ते माझ्या कारणांसाठी, ती कारणं वर लिहिली आहेत आणि ती खरी आहेत. पण त्या लोकांनी जुनं मागितलं ते माझ्या खोट्यावर, आणि त्या खोट्यावर तुझं नाव होतं.

शुक्रवारी जेवताना हे अब्बांना सांगितलं. काम हातचं जाईल हेही सांगितलं, कारण एकदा खोटं बोललेल्या बाईच्या हातात अकरा गावांचं पाणी कोण देईल? त्यांनी कडक भाकरी मोडत, ताटातून मान वर न करता म्हटलं, 'जाको बोलको आ.' जाऊन सांगून ये, एवढंच. आणि आमटी वाढून घेतली.

काल शनिवारी संस्थांच्या बैठकीला गेले. सह्यांच्या आधी दोन मिनिटं मागितली आणि ते वाक्य खोडा म्हणून सांगितलं. मग ओळ मी कधी घातली, का घातली, तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, सगळं क्रमाने सांगितलं. श्रीमंतआण्णांनी जाकिटाच्या खिशात हात घातले आणि म्हणाले, 'मग आता नव्यातच करा की, पोरीचं चुकलंच न्हवतं तर.' इतक्या अवघड वेळी मला हसू आलं. मी म्हटलं, नाही आण्णा, तरीही जुन्यातच करणार, आणि तडकलेल्या फोनपासून अभिमन्यूपर्यंत सगळी कारणं सांगितली. दोघे-तिघे कुजबुजले, एकाने दुसऱ्या कुणाला विचारून बघू म्हटलं. मला तासभर बाहेर ओट्यावर बसवलं. मग आत बोलावून सांगितलं की काम आपल्याकडेच राहील, ते वाक्य खोडलं आहे, पण पहिली दोन आवर्तनं भारतने वाचल्याशिवाय एकही मेसेज बाहेर जायचा नाही. मी म्हटलं, मी स्वतः हेच मागणार होते.

निघताना जोतीराम फाटकापाशी उभा होता. मी त्याची माफी मागितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, 'तुमची पोरगी आली व्हती माझ्या रानात. हैदराबादला जायच्या आदल्या दिशी, एकलीच. म्हणली, काका, माझ्या हातनं झालं. दिसभर आमच्यासंगं शेंगा उपटू लागली. म्या इचारलं, आईला ठावं हाय का, तर म्हणली, अम्मीला सांगू नका, तिनं लई वर्सं घालून नाव कमावलंय.' त्या दिवशी तू मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली होतीस. संध्याकाळी नखांत माती घेऊन आलीस आणि मी तुला म्हटलं होतं की उद्या नोकरीवर जायचं आणि हे काय हात. तू हात धुवून आलीस आणि माझ्याबरोबर शेवटची बॅग भरलीस.

आज सकाळी रविवार असूनही ऑफिसात गेले आणि त्या ओळीच्या वर तिचं कारण लिहून ठेवलं, भारतच्या शब्दांत. मग कागद घेऊन गच्चीवर आले. जुनं का निवडलं एवढंच सांगायचं असतं तर तुझ्या मेसेजखाली चार ओळी पुरल्या असत्या. तू यावंस असं मला फार वाटतं, पण यायचं की नाही ते तुझ्या नोकरीकडे आणि तुझ्या मनाकडे बघून ठरव. माझा तुझ्यावर भरवसा नाही असं समजून ठरवू नकोस, कारण तो एक दिवसही कमी झाला नाही. सगळ्यांदेखत तुझ्या बाजूने उभं राहायचं होतं, तिथे मी कमी पडले, आणि तू मला झाकत राहिलीस. मला माफ कर. फोनवर बोलले असते तर पहिल्याच वाक्याला तू 'जाऊ दे ना अम्मी' म्हणाली असतीस आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. म्हणून लिहिलं. या वेळी जाऊ देऊ नकोस.

तुझीच,
अम्मी